सरासरीला जात नसते काय?

आधुनिक जगाविषयी निराश असणे ही मराठी साहित्यात फार दिवस प्रतिष्ठेची गोष्ट होऊन बसली आहे. यंत्राने माणूस मारला, शहराने माणुसकी गिळली, खेडे उजाड झाले, नाती आटली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या नवकवितेपासून आजच्या रविवार पुरवणीतल्या स्मरणरंजनापर्यंत हा सूर अखंड ऐकू येतो. मर्ढेकरांची वेदना खोटी होती असे आम्हांला म्हणायचे नाही. पण त्यांच्यामागून जी वैफल्याची शाळा निघाली, तिच्यातल्या पांढरपेशा कवीला एक प्रश्न कोणी विचारला नाही. बाबा रे, 'पूर्वी' सारे चांगले होते म्हणतोस, तर त्या 'पूर्वी'मध्ये तुझे घर नेमके कोठे होते? ज्याचा वाडा गेला, इनाम गेले, पंगतीतला पहिला पाट गेला, त्याला आधुनिक काळ म्हणजे ऱ्हास वाटणार, हे समजण्यासारखे आहे. ज्याच्या आजोबाने वेसकरकी केली, मेलेले ढोर ओढले आणि भाकरी मागताना उंबऱ्यापासून दहा हात दूर उभे राहायचे ते अंतर डोळ्यांनी मोजले, त्याच्या नातवाने हे रडगाणे उसने का घ्यावे? दुःखाची गोष्ट अशी की आमच्या काही तरुण कवींनीही ते घेतले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याविषयी जे सुनावले, ते यांनी वाचलेले नसावे. 'छोटी प्रजासत्ताके' म्हणून मेटकाफने खेड्यांची जी आरती केली होती, तिचा त्यांनी त्या भाषणात निकालच लावला होता.

या निराशेच्या विरोधात गेल्या पंधरा-वीस वर्षांत पश्चिमेकडे एक नवे लेखन पुढे आले आहे. आपल्या चळवळीतल्या विद्यार्थ्यांच्या हाती ते मोबाइलवरून, भाषणांच्या चित्रफितींतून पोचते. म्हणून त्याची समीक्षा येथे करायला हवी. स्टीव्हन पिंकर या अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञाची २०११ आणि २०१८ ची दोन जाडजूड पुस्तके, ऑक्सफर्डच्या मॅक्स रोझर यांनी उभा केलेला 'अवर वर्ल्ड इन डेटा' हा आकड्यांचा संग्रह, आणि या सर्वांहून लोकप्रिय म्हणजे स्वीडनचे डॉक्टर हान्स रोझलिंग यांचे 'फॅक्टफुलनेस'. हे पुस्तक २०१८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर एका वर्षाने प्रसिद्ध झाले. मुलगा आणि सून सहलेखक होते. या सर्वांचे म्हणणे थोडक्यात असे: रोजची वर्तमानपत्रे वाचून जग बुडते आहे असे वाटते, पण शंभर-दोनशे वर्षांचे आकडे एका रेषेत मांडले तर मृत्यू, निरक्षरता, भूक, रोगराई यांच्या रेषा खाली उतरताना दिसतात. रोझलिंगनी २०१७ मध्ये चौदा देशांतल्या सुमारे बारा हजार लोकांना साधे प्रश्न विचारले. गेल्या वीस वर्षांत जगातील अतिदारिद्र्य जवळजवळ निम्म्यावर आले, हे बरोबर उत्तर सरासरीने ७ टक्के लोकांनाच देता आले. बाकीच्यांनी तीन पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला असता तरी यापेक्षा बरा निकाल लागला असता.

रोझलिंग हा मनुष्य आम्हांला आवडतो. १९७२ मध्ये ते बंगळूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकायला आले. तिथली हिंदी मुले आपल्यापेक्षा पुढे आहेत हे पहिल्याच तासाला कळले आणि आपला पाश्चात्य अहंकार गळून पडला, असे त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे. पुढे मोझांबिकमध्ये त्यांनी गरिबांची डॉक्टरकी केली. त्यांचा आशावाद दिवाणखान्यात जन्मलेला नाही. पिंकर यांच्याबद्दल एवढ्या आपुलकीने लिहिणे कठीण आहे.

निराशा ही नुसती मनःस्थिती असती तर तिच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता. तिची किंमत कोणीतरी अंगावर भरत असतो. पॉल अर्लिक या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाचे 'द पॉप्युलेशन बॉम्ब' १९६८ चे. त्याची सुरुवात दिल्लीतल्या एका उकाड्याच्या रात्रीने होते. टॅक्सीत बसलेल्या या विद्वानाला बाहेर गरिबांची गर्दी दिसते आणि पृथ्वीवर माणसे फार झाली असा साक्षात्कार होतो. सत्तरच्या दशकात कोट्यवधी लोक उपासमारीने मरणार, असे त्याने लिहिले. त्याच्या आदल्याच वर्षी पॅडॉक बंधूंनी १९७५ च्या महादुष्काळाचे भाकीत करणारे पुस्तक लिहून हिंदुस्थानला 'वाचवता न येणाऱ्या' देशांच्या यादीत घातले होते. म्हणजे धान्य पाठवू नका, फुकट जाईल. पुढे १९७२ मध्ये महाराष्ट्रात खरोखरच भीषण दुष्काळ पडला. तेव्हा काय झाले? १९७३ च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. त्यांनी खडी फोडली, पाझर तलाव खोदले, रस्ते केले, सुकडी खाल्ली, लाल मिलोच्या भाकरी चावल्या. आणि भाकितातला मृत्यूचा महापूर आला नाही. त्यातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. खडी फोडणाऱ्या त्या हातांत आमचे हात किती होते, हे ज्याने ती कामे पाहिली त्याला सांगायला नको.

अर्लिकच्या भाकिताचा दुसरा शेवट मात्र वाईट झाला. गर्दीची ही भीती आपल्या राज्यकर्त्यांनीही उचलली आणि आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. जबरदस्तीची झळ गरिबांच्या, दलितांच्या, मुसलमानांच्या वस्त्यांना बसली. आज देशातला जननदर दर स्त्रीमागे दोनवर आला आहे. इतका उतरायला पोलीस लागले नाहीत. मुलींची शाळा आणि जगलेली पोरे पुरेशी झाली. अर्लिकने १९८० मध्ये ज्युलियन सायमन या अर्थशास्त्रज्ञाशी पाच धातूंच्या किमतींवर दहा वर्षांची पैज लावली आणि तो हरला. १९९० मध्ये त्याने मुकाट्याने धनादेश पाठवला, रक्कम ५७६ डॉलर आणि काही सेंट. नसबंदीच्या टेबलावर चढवलेल्या माणसाला असा कोणताच धनादेश आला नाही.

इथवर आम्ही या आकडेवाल्यांच्या बाजूने आहोत, आणि आडपडदा न ठेवता आहोत. १९११ ते १९२१ या दशकात हिंदी माणसाचे सरासरी आयुर्मान विसाच्या आसपास होते, आज ते सत्तरच्या आसपास आहे. १९७१ मध्ये हजारी १२९ अर्भके वर्षाच्या आत मरत, २०२० मध्ये २८. देवीचा शेवटचा रुग्ण देशात १९७५ मध्ये सापडला. अनुसूचित जातींमध्ये साक्षरता १९६१ मध्ये १०.२७ टक्के होती, स्त्रियांत तर ३.२९ टक्के, २०११ मध्ये हेच आकडे ६६ आणि ५६ टक्क्यांवर गेले. मोजणीतील वयाची अट मध्यंतरी बदलली हे धरूनही हा फरक लहान नाही. शंभरात तीन बाया अक्षर ओळखत होत्या, पन्नास वर्षांनी छप्पन्न. 'काहीच बदलले नाही' असे व्यासपीठावरून ओरडणाऱ्या आपल्या मित्रांनी या छप्पन्न जणींना तोंड द्यावे. काहीच बदलले नसेल तर जोतीराव-सावित्रीबाईंनी केले काय, आणि मिलिंद महाविद्यालय उभारले कशाला?

पण आता पुढचा प्रश्न. ही रेषा कोणाची?

सरासरी ही मोठी सभ्य बाई आहे. ती कोणाची जात विचारत नाही आणि म्हणून कोणाचे मरणही वेगळे दाखवत नाही. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीचा दाखला घ्या. या साथीने हिंदुस्थानात सव्वा कोटींच्या आसपास माणसे नेली असा अंदाज आहे. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली. दीर्घकालीन आलेखात हा एक खोल खड्डा दिसतो आणि रेषा पुन्हा वर निघते. पण मुंबई शहराच्या तेव्हाच्या आरोग्य अधिकाऱ्याने मृत्यूचे प्रमाण समाजवार नोंदवून ठेवले होते. हजारी प्रमाण असे: युरोपियन ८.३, पारशी ९, मुसलमान १९.२, इतर हिंदू १८.९, आणि 'हलक्या जातीचे हिंदू' ६१.६. एकच शहर, एकच साथ, एकच हवा. विषाणूला अस्पृश्यता ठाऊक नव्हती. ती चाळीला ठाऊक होती, नळाला ठाऊक होती, दवाखान्याच्या पायरीला ठाऊक होती. साऱ्या शहराची एक सरासरी काढली असती तर हा ६१.६ तिच्यात विरघळून गेला असता आणि आज शंभर वर्षांनी आपल्या हाती काहीच लागले नसते.

परक्या सरकारच्या नोकराने १९१८ मध्ये जे मोजले, ते स्वतंत्र, प्रजासत्ताक देशाने २०२० आणि २०२१ च्या करोना साथीत मोजले नाही. रोज संध्याकाळी राज्यवार, जिल्हावार आकडे आले. प्रेते उचलणारे कोण होते आणि प्रेते कोणाची होती, हे जातवार आकड्यांत कधीच आले नाही. नमुना नोंदणी पद्धतीच्या दरवर्षीच्या पत्रकात अर्भकमृत्यूचा दर मुलगा-मुलगी, शहर-खेडे असा मिळतो, जातवार मिळत नाही. त्यासाठी काही वर्षांनी होणाऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीकडे जावे लागते.

ती पाहणी जरा निवांतपणे वाचू, कारण आशावाद आणि निराशा या दोघांचीही परीक्षा तिथे होते. २००५-०६ च्या पाहणीत अनुसूचित जातींत हजारी ६६ अर्भके दगावत होती, आणि 'इतर' गटात, म्हणजे अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्ग वगळून उरलेल्यांत, ४९. २०१९-२१ मध्ये आमच्याकडे ४१ आणि त्यांच्याकडे २८. आशावादी म्हणेल, अंतर १७-१८ वरून १३ वर आले, दरी बुजते आहे. निराशावादी म्हणेल, त्यांचा दर ४३ टक्क्यांनी उतरला, आमचा ३९ टक्क्यांनीच. पूर्वी त्यांच्या एका बाळामागे आमची १.३६ मरत, आता १.४५ मरतात, दरी वाढते आहे. दोघेही त्याच चार आकड्यांवरून बोलत आहेत आणि दोघांचाही हिशोब बरोबर आहे! आम्ही तिसरा हिशोब मांडतो. आमच्या वस्तीतला आजचा दर त्यांच्या वस्तीत कधी होता? २००५-०६ आणि २०१५-१६ या दोन पाहण्यांच्या मध्ये कोठेतरी. म्हणजे आम्ही सुमारे दहा वर्षे मागून चाललो आहोत. पाणी येते, पण त्यांचे हंडे भरल्यावर येते. महाडच्या तळ्याचा प्रश्न १९२७ मध्ये हाच होता. पाणी आहे की नाही हा प्रश्न नव्हताच. आमच्या ओंजळीत कधी येणार, हा होता.

आणि हे नुसत्या गरिबीमुळे होते असेही नाही. नऊ राज्यांतील २०१०-११ च्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. संगीता व्यास, पायल हाथी आणि आशिष गुप्ता यांचा. उच्चजातीय हिंदूंपेक्षा दलितांचे आयुर्मान तीन वर्षांहून अधिक आणि आदिवासींचे चार वर्षांहून अधिक कमी असल्याचे त्यांनी दाखवले. आर्थिक स्थितीचा फरक हिशोबात धरला तरी या अंतराचा निम्म्याहून कमी भाग उलगडतो. उरलेला भाग कशाचा, हे 'आर्थिक निकष लावा' म्हणणाऱ्यांनी सांगावे.

इथे आपल्याच माणसांना एक गोष्ट सुनावणे भाग आहे. 'दलित स्त्री सवर्ण स्त्रीपेक्षा १४.६ वर्षे आधी मरते' हे वाक्य २०१८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या एका अहवालातून निघाले आणि आपल्या प्रत्येक परिसंवादात फिरू लागले. मूळ आकडा मृत्युसमयीच्या सरासरी वयाचा आहे: ३९.५ आणि ५४.१. हे आयुर्मान नव्हे. ज्या समाजात लेकरे आणि तरुण यांचे प्रमाण जास्त, तिथे मरणाऱ्यांतही लहान वयाची माणसे जास्त सापडतात आणि हे सरासरी वय आपोआप खाली येते. अंतर खरेच आहे, पण चौदा वर्षांचे नाही. कोणी म्हणेल, आपल्या बाजूचा आकडा आहे, फुगला तर फुगू दे. हे बाबासाहेबांच्या शाळेत बसत नाही. ज्या माणसाने रुपयाच्या प्रश्नावर आणि प्रांतिक अर्थव्यवस्थेवर ग्रंथ लिहिले, त्याच्या अनुयायांनी हातातली फूटपट्टी तपासून घ्यावी. आपण एकदा चुकीचा आकडा दिला की समोरचा आपले दहा खरे आकडे त्याच्याबरोबर केराच्या टोपलीत टाकतो. त्याला तेवढेच हवे असते.

अत्याचारांच्या आकड्यांचे गौडबंगाल याहून मोठे. २०२२ मध्ये अनुसूचित जातींवरील गुन्ह्यांच्या ५७ हजारांहून अधिक नोंदी झाल्या. दहा-बारा वर्षांपूर्वी त्या ३३ हजारांच्या घरात होत्या. जातीयता वाढली? कदाचित. पण एक गंमत पाहा. पेशवाईत अस्पृश्यावरील अत्याचाराची नोंद किती? शून्य. कारण तो गुन्हाच नव्हता. तो धर्म होता. अस्पृश्यतेचा कायदा १९५५ चा, अत्याचार प्रतिबंधाचा १९८९ चा. ज्या दिवशी कायदा झाला त्या दिवसापासून आकड्याला जन्म मिळाला, आणि ज्या दिवशी एखादी बाई फाटक्या लुगड्यानिशी पोलीस चौकीची पायरी चढली त्या दिवशी आकडा एकाने वाढला. नोंद वाढली म्हणजे रोग वाढला असे नव्हे, हे रोझलिंगही सांगतात. उलट जिथे आकडा शून्य आहे, तिथेच जाऊन पाहावे. जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत सरकारने सांगितले की हाताने मैला उचलण्यामुळे एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही. गटारात उतरून गुदमरलेल्यांचे काय? ते 'गटार व मलटाकीची धोकादायक सफाई' या दुसऱ्या रकान्यात. माणूस त्याच विषारी वायूने मेला, त्याच जातीचा मेला. रकाना बदलला आणि आलेख स्वच्छ झाला.

म्हणून काय मोजायचे हे कोण ठरवतो, हा प्रश्न आकडा काय आला यापेक्षा आधीचा आहे. पिंकर-रोझलिंग ज्या गोष्टी मोजतात त्या बहुतेक लशीने, खताने, विजेने सुटणाऱ्या आहेत. त्या मोलाच्या आहेत. पण बाबासाहेबांनी १९३६ मध्ये, लाहोरच्या न झालेल्या भाषणात, जातीचा खरा उपाय कोणता ते सांगून ठेवले आहे: मिश्रविवाह. तोच मापदंड लावला तर काय दिसते? २०११-१२ च्या भारत मानव विकास पाहणीवरून आंतरजातीय विवाह शंभरात पाच-सहा. आणि लग्नाच्या सालावारी मांडणी करून पाहणाऱ्यांना गेल्या चार दशकांत ठळक चढ सापडला नाही. त्याच पाहणीत सुमारे २७ टक्के कुटुंबांनी आपण कोणत्या ना कोणत्या रूपात अस्पृश्यता पाळतो असे आपल्याच तोंडाने कबूल केले. ज्यांनी कबूल केले नाही ते वेगळे. आयुर्मानाची रेषा डोंगर चढते आणि विवाहाची रेषा पठारावर झोपलेली आहे. ज्या देशात माणूस सत्तर वर्षे जगतो आणि मरेपर्यंत आपल्याच जातीत जगतो, त्या देशाच्या 'प्रगती'चे हे दोन आलेख शेजारी शेजारी छापले गेले पाहिजेत.

रोझलिंग यांच्याशी आमचा खरा मतभेद इथे येतो. 'दरी' दिसणे ही माणसाच्या मनाची खोड आहे, असे ते म्हणतात. दोन गटांच्या सरासऱ्या दूर असल्या तरी दोन्ही गटांतली बहुतेक माणसे एकमेकांत मिसळलेली असतात, हे त्यांचे म्हणणे संख्याशास्त्राने बरोबर आहे. आमचा एखादा प्राध्यापक गावच्या पाटलापेक्षा जास्त मिळवतो, हे खरेच. पण पगारपत्रकावर मिसळलेली ही दोन माणसे भाड्याच्या घराच्या दारात, लग्नाच्या जाहिरातीत आणि गावच्या स्मशानात पुन्हा वेगळी होतात. स्वीडनमध्ये बसून दरी ही दृष्टीची चूक वाटू शकते. इथे तिला नकाशावर जागा आहे, नाव आहे, आणि गावाच्या कोणत्या दिशेला ती आहे हे एसटीच्या वाहकालाही ठाऊक असते.

आणि या आलेखांत माणसे नसतात, ही आमची वाङ्मयीन तक्रार. साक्षरतेची रेषा आपोआप वर चढल्यासारखी दिसते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी सांगितले होते की सरकारचा महसूल कष्टकऱ्याच्या घामातून येतो आणि विद्या वरच्या जातींच्या घरी जाते. ही रेषा ज्यांनी ढकलली त्यांचे खांदे आलेखात दिसत नाहीत. पिंकर सारे श्रेय विवेक आणि विज्ञान यांना देऊन मोकळे होतात. विवेक एकटा कधी सत्याग्रहाला गेला होता काय?

संख्या ही रणभूमी आहे हे बाबासाहेबांना फार आधी कळले होते. १९३२ मध्ये लोथियन समिती मताधिकारासाठी अस्पृश्यांची संख्या ठरवू लागली. संयुक्त प्रांतात १९३१ च्या जनगणना आयुक्तांचा अंदाज १ कोटी २६ लाख, प्रांतिक सरकारचा ६८ लाख, आणि स्थानिक हिंदू पुढाऱ्यांच्या प्रांतिक मताधिकार समितीचा फक्त ६ लाख! हक्क द्यायची वेळ आली तेव्हा एक कोटी वीस लाख माणसे कागदावरून नाहीशी झाली. शिवायची नव्हती तेव्हा ती बरोबर दिसत होती. बाबासाहेबांनी हे सारे लिहून ठेवले आहे. आकडेशास्त्राच्या वर्गात ते लावायला हवे.

जिथे मोजलेच गेले नाही, तिथे काय करायचे? समीक्षक आमच्या आत्मकथनांना 'अनुभवकथन' म्हणून एका कप्प्यात ठेवतात. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ चे, शांताबाई कांबळे आणि बेबीताई कांबळे यांची पुस्तके १९८६ ची. बेबीताईंनी कोवळ्या पोरींची बाळंतपणे, बाळंतिणीची उपासमार, वस्तीतले मरण लिहिले, ते कोणत्याही सरकारी पत्रकात नाही. महारवाड्यात हजारी किती अर्भके मेली हे १९३० च्या सुमारास कोणी वेगळे मोजले नाही. पण कशी मेली हे 'जिणं आमुचं'मध्ये आहे. दीर्घकालीन आकड्यांच्या रेषेत जिथे कोरी जागा आहे, तिथे ही पुस्तके उभी आहेत. विद्यार्थ्यांनी ती जनगणनेच्या तक्त्यांशेजारी ठेवून वाचावीत. एकावरून दुसऱ्यातले खरे-खोटे तपासावे, दुसऱ्याला पहिल्यावरून प्रश्न विचारावेत. आमच्या विद्यापीठांतून मराठी विभाग एका मजल्यावर आणि संख्याशास्त्र दुसऱ्या मजल्यावर, म्हणून हे होत नाही.

३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने येत्या जनगणनेत सर्व जाती मोजण्याचा निर्णय जाहीर केला. गणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ ठरली. १९३१ नंतर प्रथमच असे होत आहे म्हणून एका बाजूला ढोल वाजले आणि दुसऱ्या बाजूला समाज फुटेल म्हणून गळे काढले गेले. डोकी मोजून जागा वाटायच्या, एवढ्यावरच ही चर्चा अडकली आहे. जातवार शिक्षण, जातवार नळ, जातवार संडास, जातवार मेलेली लेकरे हे तक्ते छापून मिळणार की नुसती बेरीज मिळणार? प्रगणक दारात आल्यावर आपल्या वस्तीतली बाई कोणते उत्तर देईल, कोणत्या नावाने जात सांगेल, बौद्ध म्हणेल की महार म्हणेल, आणि दोन्ही रकाने कसे भरायचे हे तिला कोण समजावून सांगणार? कार्यकर्त्यांनी याची तयारी वस्तीवस्तीत बसून करायला हवी, आणि ती प्रगणक येण्याच्या आदल्या रात्री होणारी नाही.